गणिताच्या सरांचा गौरव करायचा आहे, सुरुवात कुठून करायची?

निवृत्तीच्या दिवशी कॉलेज शाल-श्रीफळ देतं, स्टाफरूममध्ये बटाटेवडा आणि चहा होतो, दोन भाषणं होतात आणि सर स्कूटरला पिशवी अडकवून घरी जातात. तो नोकरीचा निरोप. त्यात वावगं काही नाही. पण ज्या सरांनी किंवा मॅडमनी तीस-पस्तीस वर्षं आपल्या कॉलेजच्या भिंतीबाहेरही गणितासाठी काम केलं, त्यांच्या कामाचा हिशेब त्या अर्ध्या तासात होत नाही. रविवारी ऑलिंपियाडच्या मुलांना शिकवायचं, विद्यापीठाच्या अभ्यास मंडळात एखादा विषय भांडून टिकवायचा, दुसऱ्यांचे शोधनिबंध ओळ न ओळ तपासायचे, तालुक्याच्या कॉलेजांतल्या नव्या प्राध्यापकांसाठी उजळणी वर्ग घ्यायचे. या कामांचं मानधन कधी मिळतं, कधी एसटीचं भाडंही सुटत नाही. सेवापुस्तकात तर यातली एकही ओळ नसते.

हा गौरव व्यवसायबंधूंनीच करायचा असतो. मी पहिल्यांदा अशा समितीत गेले तेव्हा काय विचारावं आणि कुणाला, हेच कळत नव्हतं. पुढे आणखी तीन समित्यांत काम केलं, चुका केल्या, काही सुधारल्या. पहिल्यांदाच हे काम अंगावर घेणाऱ्यांसाठी त्यातून जे उमगलं ते लिहिते आहे.

आधी वही, मग हॉल

नवखी समिती पहिल्याच बैठकीत तारीख आणि हॉल ठरवून मोकळी होते. तसं करू नका. दोनशे पानी वही आणा, चार रकाने आखा: वर्ष, काम, बरोबर कोण होतं, पुरावा काय. पहिला महिना फक्त ही वही भरायची. बाकी सगळं, म्हणजे मानपत्र, भाषणं, गौरवांक, प्रदर्शन, या वहीतूनच निघतं. वही रिकामी असेल तर मानपत्रात 'विद्यार्थिप्रिय' आणि 'ऋषितुल्य' एवढेच दोन शब्द उरतात.

कामं शोधायची कशी? काही ठिकाणं आत्ताच सांगते.

शोधगंगेवर, म्हणजे देशातल्या पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, मार्गदर्शकाच्या नावाने शोधा, सरांच्या हाताखाली झालेले प्रबंध सापडतील. जुने सगळेच तिथे नसतात, त्यामुळे विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक चक्कर मारावीच लागते. तिथे गेलात की सरांच्या विद्यार्थ्यांचेच नव्हे, त्या काळातले इतरांचे प्रबंधही उघडा आणि ऋणनिर्देशाचं पान वाचा. 'दुसऱ्या प्रकरणातली चूक सरांनी दाखवून दिली' अशी वाक्यं तिथे मिळतात, आणि ती सरांना स्वतःलाही आठवत नसतात.

मॅथेमॅटिक्स जीनिऑलॉजी प्रोजेक्टमध्ये जगभरच्या गणितज्ञांची गुरु-शिष्य वंशावळ आहे. सरांचे विद्यार्थी त्यात नसतील तर माहिती पाठवून नोंद करता येते. ती करा. कार्यक्रम झाला नाही तरी ही नोंद राहील.

मॅथसायनेट, म्हणजे गणिताच्या शोधनिबंधांची ऑनलाइन सूची, अनेक विद्यापीठांच्या ग्रंथालयांतून बघता येते. तिथे शोधनिबंध मिळतातच, पण सरांनी मॅथेमॅटिकल रिव्ह्यूजसाठी लिहिलेली परीक्षणंही मिळतात. हे परीक्षण १९४० पासून अखंड चालू आहे आणि जगभरचे प्राध्यापक ते लिहीत आले आहेत. दुसऱ्याचा तीस पानी निबंध वाचून त्याचा गाभा दहा ओळींत सांगायचा, हे काम मला फार मोलाचं वाटतं. समितीतल्या कुणाच्या ते लक्षातच येत नाही.

शोधताना नावाचे सगळे प्रकार धरून चला. आद्याक्षरं कधी पुढे असतात, कधी मागे, आणि आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग दर दशकात बदललेलं असतं. मॅडमच्या बाबतीत माहेरचं नाव जरूर शोधा. एका मॅडमचे सुरुवातीचे चार निबंध आमच्या यादीतून याच कारणाने सुटले होते. त्यांनी तक्रार केली नाही. त्यांच्या बहिणीने सांगितलं.

मग फोन. विद्यार्थ्यांना 'सर कसे होते?' असं विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं: 'फार छान शिकवायचे.' त्याऐवजी विचारा, 'सरांनी तुझ्यासमोर केलेलं एक काम सांग, शक्य तर वर्षासकट.' आमच्या एका सरांबद्दल हा प्रश्न विचारला तेव्हा सांगलीकडच्या एका विद्यार्थ्याने थोडा वेळ घेतला आणि म्हणाला, 'माझ्याकडे त्यांची पाकिटं आहेत.' बारावीत असताना तो सोडवलेली उदाहरणं टपालाने पाठवायचा आणि सर ती तपासून, स्वतःचं तिकीट लावून परत पाठवायचे. अठरा पाकिटं निघाली. निळ्या शाईतली त्याची सिद्धता, तांबड्या शाईतल्या सरांच्या खुणा, आणि जवळजवळ प्रत्येक कागदाखाली एकच प्रश्न: 'हे गृहीतक कुठे वापरलंस?' एका कागदावर त्याखाली आणखी एक ओळ होती: 'वापरलं नसशील तर दोनच शक्यता. सिद्धता चूक आहे, किंवा तू प्रमेय सुधारलं आहेस. कळव.' आमच्या वहीत तोवर पंचवीस नोंदी झाल्या होत्या. त्या कागदांनी कार्यक्रमाचा नकाशाच बदलला.

सेवा कशाला म्हणायचं, हा प्रश्न समितीत येतोच. माझं उत्तर असं: आपल्या वर्गाबाहेरच्या गणितासाठी केलेलं कोणतंही काम. इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी १९०७ साली स्थापन झाली तेव्हा तिचं ग्रंथालय पुण्यात फर्ग्युसन कॉलेजमध्ये होतं, रँग्लर परांजपे तिथे प्राचार्य होते. परदेशी नियतकालिकं मागवायची आणि देशभरच्या सभासदांपर्यंत फिरवायची, यात कुणाचं तरी मनगट दुखलं असेल. ती सेवाच. एस. कुमारेसन यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या एमटीटीएस या गणिताच्या विद्यार्थ्यांसाठीच्या शिबिरांत उन्हाळ्याची सुट्टी सोडून शिकवायला जाणारे, माधव गणित स्पर्धेचे पेपर काढणारे आणि तपासणारे, हेही त्यात आले. पाठ्यपुस्तकांचं कामही धरा. डॉ. मंगला नारळीकर बालभारतीच्या गणिताच्या मंडळावर होत्या. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकातल्या 'वीस एक, वीस दोन' या संख्यावाचनावरून मोठा गदारोळ झाला, तेव्हा जाहीरपणे उत्तरं देण्याचं कामही त्यांनीच केलं.

अमेरिकेच्या मॅथेमॅटिकल असोसिएशनमध्ये प्रादेशिक शाखा आपल्या माणसांची नावं सुचवतात आणि अशा दीर्घ सेवेसाठी राष्ट्रीय अधिवेशनात प्रमाणपत्र दिलं जातं. सोबतच्या निवेदनात शाखेची कोणती पदं सांभाळली, कोणत्या स्पर्धा भरवल्या, असं नेमकं लिहिलेलं असतं. नेमकेपणाची ही सवय आपण उचलण्यासारखी आहे.

घरी जाऊन विचारा

फोन करून, वेळ ठरवून, दोघांनी जायचं. त्यातला एक सरांच्या वयाच्या जवळचा असावा. 'कशाला हे सगळं?' हे उत्तर येणारच. त्यात दोन जाती आहेत. एक संकोचाचा 'कशाला', तो चहा होईपर्यंत विरघळतो. दुसरा खरोखरीचा नकार. तो ओळखायचा असेल तर घरच्यांशी वेगळं बोला. खरा नकार असेल तर कार्यक्रमाचा हट्ट सोडा, वही पूर्ण करून त्यांच्या हातात द्या आणि त्यांच्या नावाने काही करायला परवानगी मागा.

होकार मिळाला की लगेच विचारायच्या गोष्टी: जिना चढवतो का, कानाचं यंत्र आहे का, रात्रीचा प्रवास चालतो का, कुणाला आवर्जून बोलवायचं, आणि कोणती गोष्ट व्यासपीठावरून काढायची नाही. शेवटचा प्रश्न अवघड वाटतो, पण विचाराच. प्रत्येकाच्या कारकिर्दीत एखादी रखडलेली बढती, एखादा मिटलेला वाद असतो. कुणीतरी भाषणाच्या भरात तो उकरून काढतं आणि सरांचा चेहरा उतरतो.

मुहूर्ताबद्दल एवढंच: साठी, पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन यांतलं जे जवळ असेल ते धरा. दोन पौर्णिमांमधलं अंतर सरासरी २९.५३ दिवस, म्हणजे हजार पौर्णिमांना सुमारे २९,५३० दिवस, अर्थात ८० वर्षं १० महिने. ऐंशीव्या वाढदिवसाला सहस्रचंद्रदर्शन छापलंत तर समोर बसलेले गणिताचे लोक मनातल्या मनात वजाबाकी करतील. यातलं काहीच जवळ नसेल तर २२ डिसेंबर, राष्ट्रीय गणित दिन, उत्तम.

मात्र थांबून राहू नका. द. रा. कापरेकर देवळालीच्या शाळेत शिकवत होते. ६१७४ या संख्येचा गुणधर्म त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या परिषदेत मांडला. जगभर त्यांचं नाव पोचलं १९७५ मध्ये, 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्या संख्यांविषयी लेख आल्यावर. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते आणि निवृत्त होऊन तेरा वर्षं लोटली होती.

माणसं आणि पैसा

समिती पाच ते सात जणांची. त्यात एक जण सरांच्या विषयातला, एक तरुण, एक हिशेबाला पक्का. पैसे कुणाच्याही वैयक्तिक खात्यावर घेऊ नका, मग ती दोनशे रुपयांची यूपीआय असली तरी. नोंदणीकृत गणित संघटना किंवा शैक्षणिक विश्वस्त संस्था बरोबर घ्या, तिच्या खात्यात जमा करा, पावती द्या. देणगीदारांची यादी छापायची तर अकारविल्हे छापा, रकमेच्या क्रमाने नको. आत्ताच नोकरीला लागलेल्या विद्यार्थ्याचे पाचशे रुपये यादीच्या तळाशी जाता कामा नयेत.

मानपत्र

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. हॉल, हार, जेवण लोक विसरतात. मानपत्र सरांच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर लागतं आणि येणारा-जाणारा ते वाचतो.

अडीचशे शब्द पुरे. वहीतून पाच-सहा कामं निवडा, प्रत्येकाला एक वाक्य. 'आपण ज्ञानाचा अखंड नंदादीप तेवत ठेवलात' हे वाक्य संस्कृतच्या, भूगोलाच्या, कुणाच्याही सरांना लागू पडतं. त्याऐवजी 'सलग अकरा वर्षं दर रविवारी सकाळी आठला आपण वर्ग उघडलात, आणि त्या वर्गातून पुढे गणितात संशोधन करणारे सात जण घडले' असं लिहा. आकडा लिहिलात तर तो वहीत पुराव्यासकट असला पाहिजे. एका मानपत्रात आम्ही 'शेकडो शोधनिबंध' लिहिलं होतं. प्रत्यक्षात चौतीस होते, आणि चौतीस ही काही लपवण्याची संख्या नव्हती. कच्चा मसुदा वाचून सर म्हणाले, 'चौतीस लिहा. त्यातला एक अजून मला आवडतो.'

गणिताचा मजकूर सरांच्याच विषयातल्या माणसाला दाखवल्याशिवाय छापायला देऊ नका. बीजगणितातल्या 'रिंग'ला मराठीत वलय म्हणायचं की रिंगच ठेवायचं, हे त्यांच्या पिढीने जसं म्हटलं तसं लिहा. आणि सन्मानचिन्हावर सूत्र कोरणार असाल तर कोरून झाल्यावर, पैसे देण्याआधी, दुकानात उभं राहून तपासा. आम्ही ऑयलरचं ते प्रसिद्ध समीकरण कोरायला दिलं होतं. कोरणाऱ्याच्या संगणकात ग्रीक अक्षर नव्हतं, त्यामुळे घातांकातला पाय (π) गळाला आणि समीकरणच खोटं झालं. आमच्या ते कार्यक्रमाच्या सकाळी लक्षात आलं. मी सरांना आधीच जाऊन सांगितलं आणि माफी मागितली. त्यांनी चिन्ह हातात घेतलं, चष्मा वर केला, खिशातल्या मार्करने त्या जागी बारीक पाय काढला आणि म्हणाले, 'आता खरं आहे.' ते चिन्ह तसंच त्यांच्या कपाटात आहे. तरी पुन्हा तशी वेळ कुणावर येऊ नये.

मागे राहील असं काहीतरी

चाळीसगावजवळ पाटण इथे एक शिलालेख आहे, शके ११२८ चा. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्याने पाटणला मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. लेखाच्या शेवटच्या ओळी मराठीत आहेत आणि त्यात मठाच्या खर्चाची सोय लिहिली आहे: पाटणच्या बाजारात विकायला येणाऱ्या मालावरचा हिस्सा, आणि जितके घाणे चालतील त्या प्रत्येकामागे पळी-पळी तेल. मला हा गणितज्ञाच्या गौरवाचा आपल्याकडचा सर्वांत सुंदर नमुना वाटतो. पुतळा नाही. ग्रंथ शिकवले जावेत, आणि त्यासाठी दिव्याला तेल मिळत राहावं.

आजच्या काळात त्याचं रूप म्हणजे वार्षिक व्याख्यान, बक्षीस किंवा पुस्तकांचं कपाट. इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचे संस्थापक व्ही. रामस्वामी अय्यर व्यवसायाने सरकारी अधिकारी होते. सोसायटीच्या अधिवेशनात त्यांच्या नावाने व्याख्यान होतं. गणितज्ञ डॉ. श्रीराम अभ्यंकर अमेरिकेत परड्यू विद्यापीठात शिकवत असतानाही १९७६ मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान उभं राहिलं. ते गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली, प्रतिष्ठानचे वर्ग चालू आहेत.

निधीचं गणित सोपं आहे, पण पहिल्या वर्षी सगळं व्याज वाटून टाकण्याची चूक सर्रास होते. समजा तीन लाख जमले आणि मुदतठेवीवर साडेसहा टक्के मिळाले, तर वर्षाला १९,५०० रुपये येतील. त्यातले १२,००० व्याख्यानाला आणि बक्षिसाला खर्चा, ७,५०० मुद्दलात परत टाका. मुद्दल दरवर्षी अडीच टक्क्यांनी वाढेल. महागाई सहा टक्के धरली तर न वाढणाऱ्या बक्षिसाची किंमत बारा वर्षांत निम्मी होते, आणि मग पाचशे रुपयांचं ते बक्षीस घ्यायला मुलगा यायलाच लाजतो. बक्षीस कशासाठी, निवड कोण करणार, एखाद्या वर्षी योग्य नाव नसेल तर काय, हे एका पानावर लिहून संस्थेच्या ठरावात घाला. 'मोठे सर बघतील' यावर सोडू नका.

गौरवांक काढायचा असेल तर सहा महिने आधी लेख मागवा आणि अर्धे लेख गणिताचे असू द्या. ज्यांनी आयुष्यभर गणित वाचलं त्यांच्या अंकात चाळीस आठवणी आणि एकही सिद्धता नाही, हे मला बरं वाटत नाही.

कार्यक्रमाचा दिवस

दीड तास, त्याहून जास्त नाही. प्रास्ताविक पाच मिनिटं, दोन विद्यार्थी, एक सहकारी, मानपत्राचं वाचन, सत्कार, सरांचं मनोगत, आभार. राजकीय पाहुण्यांसाठी सरांना ताटकळत ठेवू नका. मनोगताला वेळेची चिठ्ठी पाठवायची नाही, बाकी सगळ्यांना पाठवायची. घरच्यांचा सत्कार करणार असाल तर त्यांना आधी विचारा आणि त्यांनाही एक वाक्य बोलायला माईक द्या. एका सरांच्या पत्नी एवढंच म्हणाल्या, 'रविवारी घरी नसायचे. आज कळलं कुठे असायचे.' सभागृह उभं राहिलं.

कार्यक्रमात थोडं गणित ठेवाच. आम्ही सुरुवातीला प्रत्येक खुर्चीवर कोरा कागद ठेवला होता. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५, आले ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आणि ६१७४, कापरेकरांची तीच संख्या. जास्तीत जास्त सात वेळा करावं लागतं. कोऱ्या कागदांनी भरलेलं सभागृह, वजाबाक्या करणाऱ्या आज्या आणि शाळकरी नातवंडं, आणि पहिल्या रांगेत बसून शेजारच्या मुलाची हातच्याची चूक दाखवणारे सर. त्या संध्याकाळचा माझ्याकडे असलेला सर्वांत चांगला फोटो तोच आहे.

हार-तुऱ्यांऐवजी पुस्तकं आणा असं पत्रिकेतच छापा. जाताना सरांना गाडीने सोडायला समितीतला माणूस जाऊ दे, ड्रायव्हर एकटा नको. सगळं सामान, शाली, चिठ्ठ्या, पाकिटं त्याने घरात नेऊन ठेवायची.

नंतरचे पंधरा दिवस

हिशेब लिहून देणगीदारांना पाठवा. मनोगताचं ध्वनिमुद्रण उतरवून घ्या. वहीची एक प्रत कॉलेजच्या ग्रंथालयात, एक संघटनेकडे द्या, टपालाची पाकिटं वगैरे ज्यांची त्यांना परत करा.

मूळ वही मात्र सरांकडे न्या. आम्ही नेली तेव्हा त्यांनी ती आठवडाभर ठेवून घेतली. परत आली ती तांबड्या शाईत तपासून: दोन ठिकाणी वर्ष चुकलं होतं, एका कार्यशाळेचं श्रेय आम्ही त्यांना दिलं होतं ते खोडून दुसऱ्याच्या नावावर केलं होतं. आणि 'बरोबर कोण होतं' या रकान्यात, जिथे आम्ही रेघ मारली होती तिथे, त्यांनी नऊ नावं लिहिली होती. त्यातली चार आम्ही कुणीही कधी ऐकली नव्हती. एक मॅडम लातूरकडे असतात, ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, तीस वर्षं त्यांनी स्पर्धेच्या उत्तरपत्रिका तपासल्या. पुढच्या महिन्यात आम्ही दोघी त्यांच्याकडे जातो आहोत, फोन झाला आहे.